दुसरा ठोका

चंद्रकांतानं जमिनीकडच्या तोंडाशी लोखंडी पाइपला कान लावला. आत तिचा नवरा होता, दादू.

सदुसष्ट साली घिवलीजवळ टाकलेला हा पाइप, माणूस कसाबसा रांगेल एवढाच. खाजणाच्या चिखलाखालून जाऊन पुढं खडपाच्या उंच कातळावर चढलेला, समुद्राकडचं तोंड अजून बंद. दादू सांधे खरवडत खडपापर्यंत पोचला आणि मागं, खाजणात, भरतीनं एक सांधा फुटला. आत पाणी भरत होतं.

ठण्. आणि क्षणभरानं पुन्हा, जरा मऊ, ठण्.

"साहेब, दोनदा वाजतंय! आत आनखी कोन हाय?"

"एकटाच आहे तो," नामदेव म्हणाला. इंजिनियर होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. "पहिला ठोका लोखंडातून येतो. दुसरा तोच, पण आतल्या हवेतून, सावकाश. हवेचा कण आपल्या जागीच पुढंमागं हलतो, बाई, धक्का तेवढा इथवर येतो. दुसरा ऐकू येतोय तोवर वाट मोकळी."

कॉलेजात हेच त्यानं फळ्यावर मांडलं होतं. कणाचं सरकणं, साइन, कंसात जागा आणि वेळ. पैकीच्या पैकी मार्क! त्या कणाला बायको नव्हती, म्हणून जमलं.

ठण्.

नामदेवनं श्वास रोखला. दुसरा आलाच नाही. खाजणातला पाइप तुडुंब भरला होता.

"ऐकलंत ना?" तो उसनं हसला. "ठणठणीत आहे तो."

"एकदाच वाजलं," चंद्रकांता म्हणाली.

मघाच्या दोन ठोक्यांमधल्या वेळावरून त्यानं मनातल्या मनात अंतर काढलं. दादू खडपावर, चढाच्या माथ्याशी असणार; तिथवर पाणी अजून चढलं नसेल.

"गॅसकटर घ्या. वर जाऊन पाइप कापा."

"मोठ्या साहेबांना न इचारता?" मुकादम खंडेराव चाचरला. "अख्खी लाइन वाया जाईल. नोकरी जाईल तुमची."

"आग लागो त्या लाइनीला! कापा म्हणतो ना!"

सगळे खडपाकडे धावले. चंद्रकांता सगळ्यांच्या आधी पोचली आणि पाइपला कान लावून बसली. शेजारी ज्योत पेटली. लोखंड तापायला लागलं.

"ओ बाई, कान काढा, भाजंल!" खंडेराव ओरडला.

"तो वाजवतोय तवर नाय काढनार," ती म्हणाली.