उघड्या तारा

पोरीने दोन्ही हात कोपरापासून पियानोच्या पट्ट्यांवर अलगद आडवे टाकले, मान खाली घातली आणि वाजवायचीच थांबली.

पानं उलटायला शेजारी बसलेल्या मावशीने स्वरलिपीच्या वहीवरून नजर उचलली. आलं ते मिनिट! पोरीने स्वतः रचलेल्या या रचनेत मिनिटभर काही वाजवायचंच नव्हतं. पट्ट्या इतक्या हळू दाबून धरायच्या की हातोड्या तारांवर पडू नयेत, पण तारांना दाबून ठेवणाऱ्या लोकरी गाद्या उचलल्या जाव्यात. मग उघड्या तारा खोलीतला आवाज टिपणार. घरी मावशीच्या शिंकेनेसुद्धा पियानो घुमला होता.

पण ही संगीत महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती आणि जागा एकच. आठवडाभर मावशी कानीकपाळी ओरडली होती, "तिथे शहाणपणा नको. सरळ काहीतरी वाजव."

"सरळ वाजवून आत गेले, तर पुढची चार वर्षं सरळच वाजवावं लागेल," पोर म्हणाली होती.

परीक्षकांच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली.

"विसरली बहुतेक."

"विसरली कसली, झोपली!" मुख्य परीक्षक म्हणाले आणि सगळे हसले. तारांनी ते हसूही उचललं असणार, पण हसणाऱ्यांना कुठलं ऐकू यायला! "चल बाळ, ऊठ आता. पुढच्याला येऊ दे."

मावशीला कानकोंडं झालं. वही मिटली की पोर उठेल, निदान आणखी शोभा तरी होणार नाही, म्हणून तिने हात पुढे केला.

"मावशी, हात लावू नकोस." पोरीचे ओठसुद्धा फारसे हलले नाहीत. तिचे कान लालबुंद झाले होते.

ते कान पाहिले आणि मावशीचं डोकं फिरलं. पोरीवर नव्हे, त्या हसणाऱ्यांवर. पानं उलटणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. वादकांची पानं उलटण्यात गेलेल्या वीस वर्षांत तिने ते कधी उघडलं नव्हतं.

"संपलेलं नाही अजून!" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

मुख्य परीक्षकांचा चेहरा उतरला, मग तापला. समोरच्या पितळी घंटेवर त्यांनी थाडकन पंजा मारला. घंटा झाली की उमेदवाराने उठायचं, हा तिथला नियम.

पोर उठली नाही.

घंटा वाजली, विरली. आणि तोच सूर पियानोच्या पोटातून बाहेर आला. बारीक, पण थांबायचं नाव घेईना. लाकडातून, फळ्यांतून तो मावशीच्या तळपायांपर्यंत पोचला. टेबलावरचं हसू कधी थांबलं ते कुणालाच कळलं नाही. मुख्य परीक्षकांनी गडबडून घंटा मुठीत धरली. ती केव्हाच गप्प झाली होती.

पोरीने मान वर केली. हात पट्ट्यांवरून तसूभरही हलले नव्हते.

"अजून वीस सेकंद आहेत, सर," ती म्हणाली. "पुन्हा वाजवा ना."