चार अंशांचा फरक

लॅपटॉपमधली उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळीचं गणिती मॉडेल तिने वर्षभर खपून संगणकावर उभं केलं होतं. मॉडेल म्हणे, नळीचं गरम टोक बासष्ट अंशांवर थांबेल. खाली प्रयोगशाळेत, तिथले जुने मदतनीस असलेल्या काकांच्या मोजणीत, खरी नळी मात्र रोज सहासष्ट दाखवायची. "दोन आकडे जुळल्याशिवाय प्रबंधावर सही नाही," असं सरांनी बजावलेलं, आणि आज दुपारच्या विमानाने सर सहा महिन्यांसाठी जाणार होते.

सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसली की उठायची, उठली की काकांकडे एक चक्कर टाकून यायची. "काका, उतरला का हो आकडा?" "नाही गं पोरी, हट्टी आहे. अगदी तुझ्यासारखा!"

अकरा वाजता तिने मनाचा हिय्या केला. नळीच्या आतल्या जाळीचा एक गुणांक, कुणाच्या नजरेत भरणार नाही इतपत, हळूच बदलला. पडद्यावर सहासष्ट उमटले. विज्ञानाची मनोमन माफी मागून ती कागद घेऊन धडाधड जिना उतरली.

सर आधीच खाली येऊन, पेनाचं टोपण काढून काकांच्या आजच्या मोजणीचा कागद वाचत होते. काका मात्र लगबगीने तिच्याकडे आले आणि कानाशी कुजबुजले,

"तुझी तगमग बघवेना गं. सेन्सर जरासा थंड टोकाकडे सरकवलाय. आता बघ, बरोब्बर बासष्ट!"