सान्तियागोनं बघितलेलं चालतं

वीज पडून गेली होती. नासारिओ कुरणाच्या दगडी बांधाशी उताणा पडला होता आणि सगळा गाव त्याच्याकडे पाठ करून उभा होता. त्याची बायको फेलिपासुद्धा. तोंडात शालीचा बोळा कोंबून ती रडत होती, पण मान वळवत नव्हती.

गुरांचा डॉक्टर धापा टाकत चढ चढून आला. आमच्या लोकरीच्या जनावरांना, अल्पाकांना, लस टोचायला स्पेनहून आलेला पोरगेला माणूस. समोरचा प्रकार बघून त्याचं डोकंच फिरलं.

"माणूस मरतोय, आणि तुम्ही पाठ फिरवून काय उभे राहिलात?"

म्हातारा इलारिओ दोन्ही हात पसरून आडवा आला. "तू पण खाली बघ. वरचा मारतो, वरचाच उठवतो. मधेच कुणी बघितलं तर काम अर्धं टाकून निघून जातो. मग नासारिओ गेलाच म्हणून समज."

"आजोबा, बाजूला व्हा."

"नाही होणार."

डॉक्टर हट्टी, म्हातारा त्याहून हट्टी. शेवटी फेलिपाच कशीबशी बोलली, "डॉक्टर, बघायचंच असेल तर आधी नाव सांगा तुमचं. कोण बघतंय ते वरच्याला कळू दे."

"सान्तियागो."

म्हाताऱ्याचे हात खाली आले. आमच्या डोंगरात विजेच्या देवाला सान्तियागो म्हणतात. ज्याच्यावर तो पडला आणि तरी जो उठला, त्याला तेच नाव लागतं. त्यानं बघितलेलं चालतं.

"इतके दिवस आमच्यात वावरतोस, आणि हे आत्ता सांगतोस होय रे?" म्हातारा उखडला. "जा, बस त्याच्याजवळ."

डॉक्टर छाती दाबायचा, तोंडानं श्वास भरायचा, पुन्हा दाबायचा. मागं कुणी वळलं नाही. फेलिपा नुसती ऐकत होती. आधी तो शिव्या देत होता, मग गयावया करू लागला, मग फक्त त्याची धाप ऐकू येत राहिली. फेलिपाला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात खोकला आला. नासारिओचा.

"अल्पाका कुठं गेल्या माझ्या?" त्यानं विचारलं.

फेलिपा वळली, त्याच्याशेजारी मटकन बसली आणि आधी त्याला एक चापट मारली.

घरी आल्यावर तिनं डॉक्टरपुढे बटाट्याचं गरम सूप ठेवलं. "तुमच्यावर कधी पडला तो?"

"कधीच नाही. आजोबांचं नाव ठेवलंय मला."

"आठवत नसतं कुणालाच," इलारिओ म्हणाला.

डॉक्टर हसला. त्यांच्याकडे सान्तियागो हा एक संत आहे, असं त्यानं सांगितलं. त्या संताचं थडगं डॉक्टरच्या गावाजवळच होतं, आणि लोक लांबलांबून तिथं चालत येत.

"थडगं?" फेलिपानं विचारलं. "म्हणजे तुमच्याकडे तो मेला?"

"हो. कधीचाच."

फेलिपानं चुलीपाशी झोपलेल्या नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या अंगावरची घोंगडी वर ओढली.

"बिचारा," ती म्हणाली. "कुणीतरी बघितलं असणार."