काशीत सोडलेलं

"काय सोडलंस त्ये सांग आदी, मंग पोळी वाढ," रंगुबाई पत्रावळीवर हात आडवा धरून म्हणाली.

मनकर्णा पोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. अंगणात मावंद्याची पंगत बसली होती. ती आणि तिचा नवरा सहादेव काशी करून आले होते, त्याचं हे जेवण. गंगेची लोटी पुजून झाली होती आणि तिसगावातली निम्मी आळी जेवायला आली होती. एकाहत्तर साल होतं. तेव्हा काशीहून आलेल्या माणसाला काशी कशी आहे, असं कुणी विचारत नसे. गंगेत उभं राहून आवडीची एक गोष्ट सोडायची आणि पुन्हा जन्मात तिला शिवायचं नाही, असा रिवाज. म्हणून सगळे एवढंच विचारत, काय सोडलं?

"म्या कारलं सोडलं!" पुरुषांच्या पंगतीतून सहादेव मोठ्यानं म्हणाला.

"आवडीचं सोडायचं असतंय, भावजी," शेजारच्या रंगुबाईनं जागेवरूनच सुनावलं. "कारलं तुमी लगीन झाल्यापासून ताटात घेतलं न्हाई."

पंगत हसली. सहादेवही हसला आणि आमटीचा भुरका मारून मोकळा झाला.

"आन् तू गं?" रंगुबाईनं पुन्हा मनकर्णाला विचारलं.

"सोडलं काईतरी. खा आता, निवतीय," मनकर्णा म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

पंगती उठल्या, भांडी घासून झाली. दुपार कलली तशी ती ओट्यावर टेकली आणि तिचं मन हिंडायला निघालं. ते असंच निघायचं. गुडघे दुखत नसत त्याचे.

तिची सगळ्यात आवडीची जागा काशी नव्हती. ती होती करंजीचा घाट. भाचीच्या लग्नाला नगरला जाताना एस.टी. तापली होती. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गेला आणि मनकर्णा अर्धा तास घाटाच्या कठड्यावर बसली. खाली सगळा मुलूख निळसर पसरला होता. तिचं गाव, तिची विहीर, तिचं शेत, सगळं मिळून तळहातावर मावेल एवढं. वारा अंगावरून जात होता आणि तिला कुणीही हाक मारत नव्हतं. तो अर्धा तास तिनं दहा वर्षं पुरवून पुरवून वापरला.

न पाहिलेल्या जागा तर कितीतरी होत्या. भंडारदऱ्याकडं मिरगाच्या आधी झाडंच्या झाडं काजव्यांनी उजळतात आणि एकदम विझतात म्हणे. गिरनारच्या पायऱ्या ढगात शिरतात म्हणे. आणि सगळ्यांच्या वर दर्या. बांगड्या भरताना कासारीण म्हणाली होती, "बाई, तितं पानी आनाया जावं लागत न्हाई. पानीच आपल्या पायाशी येतंय." विहीर आटली की दोन कोसांवरून घागरी आणणाऱ्या मनकर्णाला ते ऐकून रात्रभर झोप आली नव्हती.

दर वर्षी खळं उरकलं की ती सहादेवाला विचारायची, "अवो, औंदा दर्या बघून येऊ या का?" तो म्हणायचा, "बघू." त्या एका बघूत चाळीस वर्षं गेली.

आणि आता येताना गाडीत तो म्हणाला होता, "चला, काशी झाली. आता बघायचं काई ऱ्हायलं न्हाई." जाताना खिडकीची जागा मात्र त्यानं मनमाडपासून कुणाला दिली नव्हती. नर्मदेच्या पुलावर तर त्यानं तिला हलवून उठवलं होतं, "ऊठ, ऊठ, नदी बघ केवढी!"

गंगेत कंबरभर पाण्यात उभी असताना गुरुजी म्हणाले होते, "बाई, सगळ्यांत आवडीचं मनात आणा आणि ओंजळ सोडा." तिच्या मनात पहिला दर्याच आला. बोटांतून पाणी गळायला लागलं. मग तिनं डोळे मिटले आणि उरलेलं पाणी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. सहादेव पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मनकर्णा सुपात ज्वारी निवडत होती.

"काय आनायचं न्हाई त्ये तरी सांग," तो म्हणाला. "चुकून आनलं आन् तू खाल्लंस तर पाप मला लागंल. वांगं सोडलंस का?"

"न्हाई."

"गवार?"

"खायाचं काई न्हाई सोडलं."

"मंग?" त्याचा आवाज उतरला. "दर्या सोडलास व्हय?"

मनकर्णानं सूप खाली ठेवलं.

"तुमाला इचारायचं सोडलं," ती म्हणाली. "इचारताना दर्या डोळ्यापुढं उभा ऱ्हायचा. लई गोड वाटायचं. त्येच आवडीचं हुतं, त्येच सोडलं. आता मनात आलं की जायाचं. परत इचारता यायचं न्हाई मला, गंगेची आन हाय."

भर चावडीत कुणाचं ऐकून न घेणारा सहादेव उंबऱ्यावर हळूच बसला. पिशवी त्यानं मांडीवर घेतली, तिची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. रस्त्यावरून नगरकडं जाणारी एस.टी. धुरळा उडवत गेली, तिच्याकडं तो ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

मग बायकोकडं न बघताच त्यानं विचारलं, "मनकर्णे, मला नेशील का गं संगं?"