टोपलीभर घेवडा

"शी! हे काय चिकटलंय मला?"

नांबेवे आजी खुर्चीतून ताडकन उठल्या. त्यांच्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाला मागून निळ्या पिठाचा गोळा चिकटला होता. मक्याचं पीठ! ज्याची घट्ट उकड, न्सिमा, रटरटवून खायची, ते पीठ निळं करून पाच वर्षांच्या नातवाला मळायला दिलं होतं. लिंबानीने त्याचा साप केला, सापाला नाकाचा शेंबूड पुसला आणि साप आजीच्या खुर्चीवर झोपवला.

"खेळ आहे तो, आई," शिवणयंत्रावरून मान वर न करता सून ताकोंद्वा म्हणाली. "बोटांत जोर येतो म्हणे."

कॉलऱ्यामुळे ब्लांटायरमधल्या बालवाड्या बंद होत्या. ताकोंद्वा घरी गणवेश शिवायची. लिंबानी दोन तास रमला तर एक सदरा व्हायचा, नाहीतर बाही उलटी लागायची. म्हणून तिने फोनमधून खेळांची यादी उतरवून भिंतीला डकवली होती. सोमवारी तांदूळ हिरवे झाले. ते कोपऱ्यात आंबले, त्यांना मुंग्या लागल्या. मंगळवारी मॅकरोनी दोऱ्यात ओवून तिच्या माळा झाल्या, आणि त्या माळा लिंबानीने शेजारच्या कुत्र्याला घातल्या. कुत्र्याने त्या खाऊन दारातच ओकल्या. ऐंशीच्या आजींनी ते स्वतः झाडून काढलं होतं. तेव्हापासून त्यांना घास गिळवत नव्हता.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "मी फालोम्बेला निघाले. अन्न पायाखाली तुडवतात त्या घरात माझ्याच्याने राहवायचं नाही."

त्यांनी खरंच गाठोडं काढलं. यंत्र थांबलं. आजी रागावून गावी गेल्या तर सगळ्या फालोम्बेत काय बोभाटा होईल, ते ताकोंद्वाला पक्कं ठाऊक होतं.

इतक्यात लिंबानी सूप घेऊन आला. सुपात लाल, काळा आणि वाघ्या घेवडा एकत्र होता. शेजारी तीन रिकामे डबे मांडून तो निवडायला बसला.

"आता घेवडासुद्धा!" आजी कडाडल्या. "लाज कशी वाटत नाही गं?"

"अहो, लहानपणी तुम्हीच निवडायचात ना? तुम्हीच तर सांगता."

"ते काम होतं! तुझ्या त्या फोनमधला चाळा नव्हता." गाठोड्याची गाठ मारता मारता आजींचा हात थांबला. "मोठ्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. लोक केळीचे कांदे उकडून खात होते. आमच्या घरात रोज टोपलीभर घेवडा निवडायला निघायचा. रोज! मी आणि धाकटी एनिफा दुपारभर निवडायचो. प्रत्येक टोपलीत एक पांढरा दाणा असायचा, काळ्या डागाचा. आम्ही त्याला नवरी म्हणायचो. जिला नवरी सापडेल ती रात्री आईच्या कुशीत झोपायची."

"म्हणजे मोठं घर होतं तुमचं."

"मोठं कसलं, डोंबलाचं!" आजींचं तोंड कडू झालं. "संध्याकाळी आई निवडलेला घेवडा उचलून कणगीकडे न्यायची. एक दाणा तोंडात टाकाल तर हात मोडीन, म्हणायची. बियाणं आहे, म्हणायची. आणि आम्हाला काय? केळीचे कांदे! कणगी भरत होती आणि पोरं वाळत होती. एनिफा त्यातच गेली. किळस आली मला त्या बाईची. पुढे तिच्या मातीला गेले, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही."

या घरात लग्न करून आल्यापासून सासूने स्वतःच्या आईचं नाव एकदाही घेतलेलं ताकोंद्वाने ऐकलं नव्हतं.

"सापडला!" लिंबानी ओरडला. त्याने एक लाल दाणा आजींच्या नाकासमोर धरला. दाण्यावर दातांची खूण होती. "माझा चावका दाणा! कालपण मलाच सापडला. परवापण."

"दूर कर तो उष्टा दाणा! रोज रोज तसाच कसा सापडेल, रे?"

"तसाच नाही, तोच. मी चावलाय ना त्याला! मी झोपलो की मम्मी सगळे डबे परत सुपात ओतते."

ताकोंद्वा ओशाळली. "रोज नवा घेवडा कुठून आणू, आई? घरात आहेच एवढा. संध्याकाळी परत कालवून ठेवते. हात गुंतले की खायला मागत नाही तो."

आजी गाठोडं हातात धरून उभ्याच राहिल्या. मग हळूच खाली बसल्या, त्याच खुर्चीवर, त्याच निळ्या चिकट्यावर. या वेळी त्या शी म्हणाल्या नाहीत.

"आई? काय झालं?"

आजींनी चावका दाणा हातात घेतला. अंगठ्याने त्याच्यावरची खूण पुन्हा पुन्हा चाचपली. मग त्यांनी लिंबानीचे तिन्ही डबे ओढले आणि पोर ओरडत असतानाच सुपात उपडे केले. दोन्ही हातांनी घेवडा कालवला, लाल काळ्यात, काळा वाघ्यात, पार तळापर्यंत.

"नवरी एकच होती गं," त्या म्हणाल्या. आवाज सहा वर्षांच्या पोरीसारखा निघाला. "कणगी रिकामीच होती."