डोळे तेवढे राहिलेत

देवीचे डोळे तेवढे राहिले होते. बाकी सगळं झालं होतं. हिरवं पातळ, नाकात नथ, कपाळभर मळवट, आठ हात. व्यंकट पेंटर दोन पावलं मागं सरला आणि मान कलती करून आपलं काम बघू लागला. फ्लेक्स आल्यापासून त्याच्या ब्रशला कुणी विचारत नव्हतं. नांदेडातल्या या भिंतीनं त्याला पुन्हा पेंटर केलं होतं. तो खूश होता, लपवायचं कशाला?

शहरात ‘कलेतून स्वच्छता’ नावाचं अभियान सुरू होतं. भिंतीवर देव काढले की लोक तिथं घाण करत नाहीत, असा सोपा हिशेब. वस्तीतल्या संडासाला पाणी जोडलंच नव्हतं आणि दाराला कुलूप होतं, हे मात्र त्या हिशेबात कुणी धरलं नाही. पहाटे अंधारात वस्तीतल्या बाया टमरेल घेऊन याच भिंतीच्या आडोशाला बसत. भिंतीपलीकडे रस्ता, अलीकडे, देवी काढली होती त्या बाजूला, मैदान, मैदानापुढे रेल्वेचे रूळ. व्यंकटची पोटुशी सून शिवांगीही त्यांच्यातच असायची. ती दार लोटून बाहेर पडली की व्यंकट झोपेचं सोंग घ्यायचा.

शेजारची सरजाबाई बायांच्या वतीनं बोलायला आली.

“व्यंकटराव, डोळे नका काढू.”

“का वो?”

“बाया म्हणून राहिल्यात, डोळे न्हाईत तवर ती देवी न्हाई, नुसता रंग हाय. डोळे उघडल्यावर तिच्यापुढं कोण बसंल?”

“तुमी तर देवच मानत न्हाई, सरजाबाई. तुमाला कशाचं भ्या?”

“मानत न्हाई म्हणूनच लई भ्या हाय. उद्या कुणी म्हणलं, बौद्धाची बाई देवीपुढं बसली, तर तुमी येताल का मधी?”

व्यंकट ब्रश पुसत राहिला. “बरं,” एवढंच तो म्हणाला.

डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, तेही मुहूर्त बघून, ही पेंटर लोकांची रीतच. त्या रीतीच्या आड लपून त्यानं काही दिवस काढले. पण पाहणीचं पथक यायचं ठरलं आणि अभियानाचे साहेब स्वतः भिंतीपाशी आले. व्यंकटनं घाईघाईनं मिटलेल्या पापण्या काढून दाखवल्या.

साहेब हसले. “अहो पेंटर, झोपलेल्या देवीला कोण घाबरणार? डोळे उघडा तिचे. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो.”

व्यंकटनं बारीक ब्रश घेतला. डोळे कसेबसे, निर्जीव काढता आले असते. कुणाला काय कळणार होतं? पण वस्तादाखाली तयार झालेला हात वाईट काम करायला तयार होईना. बुबुळ नेमकं मधोमध आणि त्यावर पांढरा ठिपका. कुठंही उभे राहा, देवी तुमच्याकडेच बघणार. साहेब डावीकडे गेले, उजवीकडे गेले आणि “वा!” म्हणाले. व्यंकटला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया भिंतीपाशी येऊन थबकल्या. कुणाच्या तरी बॅटरीचा उजेड देवीच्या तोंडावर पडला होता. कुणीतरी चप्पल काढली, कुणी पाया पडलं. मग त्या मैदानाच्या या कडेला गेल्या, त्या कडेला गेल्या. तिथंही ती बघतच होती. शेवटी रूळ ओलांडून पलीकडच्या काट्याकुट्यात जायचं ठरलं.

अमावास्येच्या पहाटे शिवांगीचा पाय खडीवरून घसरला आणि ती रुळावर पोटावर आपटली. लांबून गाडीचा भोंगा ऐकू येत होता. सरजाबाईनं तिला काखेत धरून ओढत बाजूला आणलं. शिवांगी वाचली. मूल वाचलं नाही.

दवाखान्यातून व्यंकट घरी गेला तो फक्त काळ्या रंगाचा डबा घ्यायला. तिथून थेट भिंतीपाशी. सरजाबाई मागोमाग आली. तिच्या लुगड्यावरचं रक्त अजून वाळलं नव्हतं.

“पुसा ते डोळे,” ती म्हणाली.

त्यानं ब्रश बुडवला आणि हात वर नेला. देवी त्याच्याकडे बघत होती. तो एक पाऊल डावीकडे सरकला. तरी त्याच्याकडेच. हात तसाच वर राहिला, रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यानं ब्रश डब्यावर ठेवला, चपला काढल्या आणि हात जोडले.

“माझ्यानं न्हाई होत, सरजाबाई.”

सरजाबाईनं ब्रशाकडे हात नेला. डोळ्यांपर्यंत तो सहज पोचलाही असता. पण तिनं एकदा मागं वळून पाहिलं. डोळे उघडल्यापासून देवीला रोज लोक येत; आताही मैदानात दर्शनाला माणसं यायला लागली होती. त्यांच्या हातात हळदकुंकू होतं, नारळ होते आणि सगळे सरजाबाईकडेच बघत होते.

तिनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला. हाताला रंग लागलाच नव्हता.