थिजलेल्या लाटा

नजर गेल्यापासून होडीवाल्या बाबांनी समुद्राचं नावच टाकलं होतं. भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या लेकीनं एकदा हट्टानं त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि त्यांचा हात एका खडकावर ठेवला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाटांच्या वळ्या त्यात जशाच्या तशा उमटल्या होत्या.

बाबांची बोटं त्यावरून सावकाश फिरली.

"पाणी या अंगानं आलंय. फार नाही, घोट्याच्या जरा वर असेल."

लेक बघतच राहिली. एवढंच शोधून काढायला तिचे सहा महिने गेले होते.

"बरोबर, बाबा. पण तो समुद्र केव्हाच आटला."

"असू दे गं. तू चपला काढ," बाबा म्हणाले आणि वाकून स्वतःची पँट पोटरीपर्यंत दुमडू लागले.